ओढ्यापाशी थांबलेली चिंचांची रांग

निर्मला,

तू गेल्याचं आपल्या मंडळाच्या ग्रुपवर मीच कळवलं. दुसऱ्या कुणाला ते जमत नव्हतं. "निर्मलाताई आज पहाटे गेल्या" एवढंच लिहिलं. त्याखाली पहिलं उत्तर आलं ते आपल्या अध्यक्षांचं, शेख सरांचं. "संदर्भ?"

आलं ना लक्षात? इतक्या वर्षांची सवय. कुणीही काही टाकलं की सरांचा अंगठा आधी चालतो आणि डोळे मागून येतात. लगेच त्यांनी ते पुसलं, पण तोवर सगळ्यांनी वाचलं होतं. मी तुझ्याच दारातल्या पायरीवर बसले होते, आत माणसं जमत होती, आणि मला हसू फुटलं. पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी थांबेना. शेजारच्या बायकांना वाटलं मला रडू आवरत नाही, त्यांनी पाठीवरून हात फिरवला. माझ्या मनात आलं, हे आत जाऊन निर्मलाला सांगते. मग मात्र खरंच रडू आलं.

तुझा जन्म, शिक्षण, भूगोलाच्या बाईची नोकरी, ते सगळं मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर आहे आणि प्रत्येक ओळीला आधार दिलेला आहे. मी त्यात हात घालत नाही. माझं काम वेगळं आहे. तुझ्याकडे माझं एक उत्तर राहिलं आहे, त्यासाठी लिहायला बसले.

हे पत्र इतरही वाचतील, तेव्हा त्यांना चार गोष्टी सांगते. तू नाक मुरडू नकोस. आमच्या जाफराबादच्या वाचनालयात जाडजूड ग्रंथांच्या कपाटाची किल्ली हरवली, तेव्हा मी ग्रंथपाल म्हणून नवी करून आणायला निघाले होते. तू वाचायला येऊन बसलेली. म्हणालीस, "कुलूपच कामून पाह्यजे? पुस्तकं काय पळून चालली का?" कपाट उघडंच राहिलं. पुढे मंडळ नोंदवायची वेळ आली तेव्हा नाव तेच पडलं, 'मोकळं कपाट'. जिल्ह्यातल्या गावांची, विहिरींची, बियाण्यांची, जात्यावरच्या ओव्यांची माहिती गोळा करायची, फोटो काढायचे, म्हाताऱ्या माणसांचे आवाज टिपायचे, आणि सगळं इंटरनेटवर ठेवून द्यायचं, कुणीही घ्यावं, कुणीही वापरावं. पगार कुणालाच नाही. नियम एक, तोही तुझा आणि शेख सरांचा. ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहायची आणि बाकीच्याला आधार द्यायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे आपल्याकडे चालणार नाही.

पुरस्कारातली शाल आणि नारळ तूच बंद पाडलास. "घरात शालींचा ढीग लागून राह्यला," म्हणालीस, "हिथं थंडी पडती किती?" मग ती रीत तूच काढलीस, ज्या रीतीने बाहेरगावचे पाहुणे अजून गोंधळतात. वार्षिक सर्वसाधारण सभेत ज्या कार्यकर्त्याला पुरस्कार, त्याला उभं करायचं आणि सभेनं त्याच्याच कामावर प्रश्न विचारायचे. तो उत्तरं देत जातो, आणि जिथे अडतो, जिथे "मला माहीत न्हाई" म्हणतो, तो प्रश्न त्याचा पुरस्कार. टाळ्या तेव्हाच. वर्षभर तो प्रश्न घेऊन हिंडायचं आणि पुढल्या सभेत काय सापडलं ते सांगायचं. मंठ्याहून आलेल्या एका पाहुण्यांना वाटलं होतं की आम्ही भल्या माणसाचा चारचौघांत अपमान करतोय. ते उठून निघालेच होते, तूच त्यांचा हात धरून बसवलंस.

गेल्या वर्षी पुरस्कार तुला होता, तालुक्यातल्या जुन्या रस्त्यांवरच्या कामाला. तू ऐकतेस कुणाला? प्रत्येक प्रश्न झेलत होतीस. शेवटी मी उठले. तुझ्या माहेरच्या गावाहून जाफराबादकडे येणारा जुना रस्ता, ज्यावर आता डांबरी रस्ता झाल्यापासून कुत्रंही फिरकत नाही. गावातल्या बारवेपासून, त्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीपासून, दोन्ही बाजूंनी चिंचा सुरू होतात आणि ओढ्याच्या काठाशी एकदम बंद. पलीकडे जाफराबादपर्यंत ओळीनं लावलेलं एक झाड नाही. मी विचारलं, "जाफराबादला निघालेली रांग ओढ्यापाशीच कामून थांबली?"

ज्या रस्त्यानं तू लहानपणी शाळेला जायचीस त्याच रस्त्याचा प्रश्न. मग म्हणालीस, "सुनंदे, मला न्हाई माहीत." टाळ्यांचा नुसता कडकडाट. घरी जाताना माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की दुसऱ्या दिवशीही तो हिरवानिळा होता. पण खुशीत होतीस. इतकं खुशीत मी तुला निवृत्तीच्या दिवशीही पाहिलं नाही.

मग वर्षभर तू गावोगाव विचारत सुटलीस. कुणी म्हणालं, झाडं लावणाऱ्या निजामाच्या तहसीलदाराची बदली झाली. कुणी म्हणालं, ओढ्यापल्याड हडळ हाये. सगळ्यांत जास्त मतं पडली कंत्राटदारानं पैसे खाल्ले याला. तू सगळं टिपून घेतलंस, ऐकीव म्हणून. तुझं स्वतःचं मत वेगळं होतं. तुझं म्हणणं, कारण मातीत आहे. माझं म्हणणं, कारण माणसांत आहे. दोन गावांची हद्द असेल, भांडण झालं असेल, एकानं लावली आणि दुसऱ्यानं लावू दिली नाहीत.

काळीपिवळी जीपमध्ये आपण या विषयावर भांडत होतो तेव्हाचं आठवतं? ड्रायव्हरनं शेवटी आरशातून बघून विचारलं, "मावशी, वावराची वाटणी चालू हाये का?"

तू म्हणालीस, "न्हाई बाबा, चिंचंची."

"मंग किती झाडं येऊन राह्यली वाट्याला?"

"एकबी न्हाई," तू म्हणालीस, "पर ही बाई ऐकंना."

पुढच्या आठवड्यात लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ओढ्यापलीकडची माती भरून आणलीस आणि माझ्या टेबलावर ठेवलीस. पांढुरकी, भुसभुशीत. "ही बघ. तिकडं समदं टेकाड असंच हाये. चिंच कशी धरंल हिथं?" मी म्हटलं, मग बाभळी कशा धरल्या? तू म्हणालीस, "बाभळीला काय लागतंय, ती तुझ्यावानी हाये, कुठंबी उगवती." घोडं तिथेच अडलं होतं. तू माती सोडत नव्हतीस आणि मी माणसं.

आणि मग तो फोन. तू गेलीस त्याच्या आदल्या संध्याकाळी. मी भाकरी थापत होते, फोन कानाला आणि खांद्यात धरलेला.

"सुनंदे, आपण दोघीबी चूक व्हतो."

"म्हंजे?"

"फोनवर न्हाई सांगत. सभेत सांगते. तुझं तोंड बघायचंय मला."

हसलीस आणि ठेवलास. माझी भाकरी करपली. मी मनात म्हटलं, हिचा भाव खायचा दिवस आहे, खाऊ दे.

निर्मला, मरण काही तुझ्या हातात नव्हतं, त्याचा राग मी तुझ्यावर धरत नाही. पण हे? एक वाक्य होतं गं. एक वाक्य सांगून ठेवला असतास फोन तर काय बिघडलं असतं? तुझ्या पुण्यानुमोदनाला भन्ते बोलत होते, सगळे हात जोडून ऐकत होते, आणि मी तुझ्या फोटोकडे बघून मनात एकच विचारत होते, काय सापडलं होतं तुला? तुझ्या प्रज्ञाला विचारलं, आई काही बोलली होती का? ती जालन्याहून आलेली, दवाखान्यातली ड्यूटी टाकून. म्हणाली, "मावशी, मला फकस्त येवढंच म्हनली का यंदा सुनंदाची जिरवते."

पुण्यानुमोदनानंतरच्या रविवारी सभा होती. तारीख आधीच कळवलेली होती आणि तू असतीस तर पुढे ढकलू दिली नसतीस.

तुला सगळ्यात आवडायचा तो कोरमअभावी तहकुबीचा अर्धा तास. आपल्या सभेला वेळेवर कधी माणसं जमली? दरवर्षी अध्यक्ष घड्याळ बघून सांगणार, गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब, त्यानंतर ती याच ठिकाणी भरेल. मग चहा, भजी आणि खऱ्या गप्पा. तू म्हणायचीस, सभा म्हणजे त्या अर्ध्या तासाला लावलेली शेपूट. यंदा मी वाचनालयाच्या दारात उभी होते आणि माणसं येतच होती. मंठ्याहून, घनसावंगीकडून, तुझे जुने विद्यार्थी लेकरं घेऊन. सतरंज्या कमी पडल्या. तुझ्यासाठी आली, आणि कोरम भरला. सभा वेळेवर सुरू झाली. मला तो अपशकुनच वाटला.

मागचं इतिवृत्त वाचून कायम झालं, हिशेबाला मंजुरी मिळाली. मग अध्यक्ष या नात्यानं शेख सर उठले. ग्रुपवरच्या 'संदर्भ?' या एका शब्दापासून ते माझ्या नजरेला नजर देत नव्हते. कागद हातात घेतला, चष्मा पुसला, आणि ठराव वाचला. यंदाचा पुरस्कार निर्मलाताईंना मरणोत्तर, आणि त्यांच्या प्रश्नाचं उत्तर म्हणून पानावर पुढील मजकूर. ओढ्यापर्यंतच्या चिंचा ताईंच्या आजोबांनी लावल्या, ओढ्यापाशी पोचले आणि तिथेच त्यांचा देह पडला, म्हणून रांग तिथे थांबली.

एक बाई डोळे पुसायला लागली. गोष्ट सुंदर होती, यात वाद नाही. आजा झाडं लावतो, नात त्याच झाडांचा माग काढत जाते. प्रज्ञा पुढच्या रांगेत होती, तिचा चेहरा किती दिवसांनी उजळला होता.

मी उठले. म्हटलं, "सर, हे कुठून आलं?"

"ताईंच्या गावचे एक बुजुर्ग, पुण्यानुमोदनाला भेटले. आवाज आहे आपल्याकडे." त्यांनी फोनवर लावला. म्हातारा आवाज म्हणत होता, "निर्मलाच्या आज्यानं लावली म्हंत्यात."

म्हंत्यात. ज्या माणसानं वर्षानुवर्षं आपल्या लिखाणातलं प्रत्येक 'म्हणतात' चिमट्यानं केस उपटावा तसं उपटलं, तो माणूस आज ते हातात धरून उभा होता. मला त्यांचा राग आला नाही. त्या एका शब्दाची भरपाई करायला निघाले होते बिचारे, आणि भरपाईच्या भरात आपलाच नियम मोडत होते.

मी म्हटलं, "निर्मलेनं मला स्वतः सांगितलंय, तिचा आजा त्या झाडांखाली दुपारचा लवंडायचा. ती त्याच्याही आधीची हायेत. कुणी लावली ते त्यालाबी माहीत नव्हतं."

"याला काही आधार, सुनंदाताई?" सरांनी अगदी हळू विचारलं.

आता बोल! माझ्याकडे कुठला आधार? तू बोललेलीस, मी ऐकलेलं. त्यांचं 'म्हंत्यात' आणि माझं 'सांगितलंय', आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कुणीतरी मागून म्हणालं, "जाऊ द्या ना ताई, चांगलंच लिहून राह्यलेत." प्रज्ञा वळून माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत काय होतं ते मला सांगवत नाही. तिच्या आईचा सन्मान होत होता आणि आईची मैत्रीण आडवी आली होती.

मी म्हटलं, "माझा विरोध नोंदवा."

सरांनी कागदाची घडी घातली. मग घड्याळ बघितलं आणि भरलेल्या सभेला म्हणाले, "सभा अर्धा तास तहकूब. चहा घ्या." कोरम असताना तहकूब केलेली ही आपली पहिलीच सभा.

प्रज्ञा चहाचा कप घेऊन माझ्यापाशी आली. "मावशी, मायचं चांगलं चाललं व्हतं तर तुला काय अडचण झाली?"

मी म्हटलं, "तुझ्या मायला खरं काय ते सापडलं होतं. ते तिच्यासंगं गेलं. त्या जागी भलतंच तिच्या नावानं गेलं तर मला झोप लागायची न्हाई."

"पर तुला तरी खरं माहीत हाये का?"

"न्हाई."

"मंग?"

मी म्हटलं, "म्हणून तर."

तिनं चहा तसाच ठेवला. "चल. दाखव मला. मी तिकडनं कधीच आली न्हाई, आम्ही कायम डांबरीवरून जातो."

सभा पुन्हा भरली तेव्हा सरांनी तो विषय पुढच्या सभेपर्यंत ठेवला. प्रज्ञाच्या स्कुटीवर मागे बसून मी निघाले. जुना रस्ता जाफराबादच्या बाजूनं धरला. तुला सांगते, त्या बाजूनं मी त्या रस्त्याला कधी गेलेच नव्हते. तू प्रत्येक वेळी माहेरच्या दारापासून सुरुवात करायचीस आणि मी तुझ्या मागे.

उघडं रान, पऱ्हाटी, सोयाबीन, डोक्यावर ऊन. ओढ्याच्या अलीकडे ते तुझं पांढरं टेकाड आलं. प्रज्ञानं बाभळीखाली गाडी लावली, उतरली, आणि ओढ्यापलीकडे बघत म्हणाली, "झाडं हितून चालू व्हत्यात व्हय?"

मी म्हटलं, "चालू न्हाई गं, हिथं संपत्यात."

"कशावरनं? मला तर चालूच दिसून राह्यली."

मी वळून जाफराबादकडच्या उघड्या रानाकडे बघितलं, मग पुन्हा झाडांकडे. ती ओढा ओलांडून पहिल्या चिंचेपाशी गेली. तिनं बुंध्याला मिठी मारली, हात पुरेनात. मी दुसऱ्या बाजूनं मिठी मारली तरी आमची बोटं भिडेनात. दोन बाया चिंचेला मिठी मारून उभ्या, कुणी बघितलं असतं तर देवरुषाकडं नेलं असतं. मग आम्ही गावाकडे चालत गेलो. जसजसे पुढे जाऊ तसतसे बुंधे बारीक होत गेले. गावाजवळच्या झाडाला प्रज्ञाच्या एकटीच्या हातांचा वेढा बसला. सगळ्यात म्हातारी झाडं ओढ्यापाशी. इतक्या वेळा बघितली आपण, पण ती जाड झाडं नेहमी चालून थकल्यावर यायची आणि आपण त्यांच्याखाली बसून भांडायचो.

परत टेकाडावर आलो. प्रज्ञाची चप्पल कशाला तरी अडखळली. खापर होतं. मग दिसायलाच लागली, काळी, तांबडी, एकाला तर कडेला बोटानं ओढलेली नक्षी. पांढरी माती. निर्मला, पांढरी! गावाची पांढरी म्हणतो ना आपण? मातीच्या भिंती पडून आणि चुलींची राख मिसळून जी होते ती माती. तिथे गाव होतं. तुझं माहेर आज जिथे आहे तिथे फक्त ती बारव असणार, रांग तिच्याच पायऱ्यांशी जाऊन पोचते. ओढा उन्हाळ्यात आटत असेल, बाया पाण्याला बारवेवर जात असतील, आणि कुणीतरी, किंवा पिढ्यान्‌पिढ्या सगळ्यांनीच, त्या वाटेला सावली केली असेल. पुढे गावच उठून पाण्यापाशी गेलं. ती रांग जाफराबादला निघालीच नव्हती गं. मी प्रश्नच उलटा विचारला होता, आणि तू वर्षभर तो उलटाच वाहिलास.

आपण दोघीही चूक होतो. बराबर बसतं ना? मातीचं कारण होतं, पण तू म्हणत होतीस ते नाही. माणसांचं होतं, पण भांडणाचं नाही. माझं तोंड तेव्हा बघण्यासारखं झालं असणार. प्रज्ञा म्हणाली, "मावशी, अशी काय बघून राह्यली?"

तिला सगळं सांगितलं. ती टेकाडावर बसली, खापर हातात घेऊन. मग म्हणाली, "आईला हेच सापडलं असंल."

"असंलही."

"असंलच. लिहून टाक ना. आईच्या नावानं."

किती मोह झाला म्हणून सांगू. आजाच्या गोष्टीपेक्षा हे कितीतरी चांगलं होतं, आणि खरं असण्याची शक्यताही होती. तुझ्या नावाखाली शोभलं असतं. शेख सरांनी आनंदानं मान डोलावली असती. पण तुला दुसरंच काही सापडलं असलं तर? बारवेवर एखादा अक्षरांचा दगड, एखाद्या म्हातारीची आठवण, जे मला कधीच कळणार नाही? मी प्रज्ञाला म्हटलं, "तुझ्या आणि माझ्या नावानं लिहू, अंदाज म्हणून. जाणकारांना बोलावू, खापरं बघू देत. तुझ्या मायच्या नावापुढं प्रश्न राहू दे. आणि लिहू, उत्तर त्यांना मिळालं होतं, आम्हाला कळलं नाही."

प्रज्ञानं मान हलवली. नंतर म्हणाली, "हे तर आजाच्या गोष्टीपेक्षा भारी हाये." आणि रडली. आम्ही दोघीही रडलो, तुझ्या त्या पांढरीवर बसून.

पान तयार आहे, निर्मला. तुझं उत्तर हेच होतं असं मी कुठेही लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही. पण ते तुझंच असावं असं मला फार फार वाटतं गं.

तुझी,
सुनंदा